वीतभर अंतरावरून

"शेठ, शनिवारपासून मी येणार नाही."

पेंटर हे म्हणाला तेव्हा त्याच्या हातातली स्प्रे गन चालू होती आणि कोपऱ्यात कॉम्प्रेसर धडधडत होता, त्यामुळे शेठला काही ऐकू आलं नाही. गाडीच्या दारावर शेवटचा कोट चालला होता. मधेच हात थांबला असता तर ओघळ आला असता, आणि ओघळ येऊ देण्यापेक्षा शेठला तीच गोष्ट दोनदा सांगणं पेंटरला परवडलं. दार संपवून त्यानं कॉम्प्रेसर बंद केला, तोंडावरचा मास्क गळ्यात ओढला आणि पुन्हा म्हणाला.

"कुणाचं लग्न आहे?" शेठनं विचारलं.

"लग्न नाही. कायमचाच येणार नाही. मेव्हण्यानं वजनकाट्यावर जागा बघितलीय. आलेल्या ट्रकचे नंबर लिहायचे."

"तू लिहिणार? अरे, तुझं अक्षर बघून ट्रक न मोजताच परत फिरतील."

पेंटर हसला नाही. एरवी या बोलण्याला त्यानं सव्वापट उत्तर दिलं असतं. शेठनं चष्मा कपाळावर चढवला आणि आवाज खाली आणला.

"पोरीचा खोकला?"

"शुक्रवारी दुर्बीण घालणार आहेत. भूल देऊन. छातीत नळी घालून आत बघायचं म्हणतात."

"म्हणून तू रंग सोडणार."

"सगळे तेच सांगतात, शेठ. मी घरी येतो तो थिनरचा वास घेऊनच येतो. आता दुर्बिणीत काय दिसायचं ते दिसेल. पण उद्या डॉक्टरांनी तोंडावर सांगायच्या आत आपणच सोडलेलं बरं."

एकवीस वर्षं हाताखाली असलेल्या माणसाला काय म्हणायचं हे न सुचल्यामुळे शेठनं त्याला काम सांगितलं. "मग जाण्याआधी एक पाटी करून दे. 'पेंटर पाहिजे'. बाहेर लावतो."

पेंटरनं जेवणाची सुट्टी सोडून ती पाटी केली. पत्रा घासला, प्रायमर मारला, पिवळ्या जमिनीवर निळी अक्षरं काढली, वरून लॅकरचे तीन हात दिले. स्वतःची जागा भरायची जाहिरात इतक्या मन लावून दुसऱ्या कुणी केली नसती.

पेंटरच्या मुलीला घरात, शाळेत आणि गल्लीत भिंगरी म्हणत. वय सात. एका जागी बसलेली ती कुणाला आठवत नसे. पाच महिन्यांपूर्वी साधी सर्दी झाली. सर्दी आठवड्यात गेली, खोकला राहिला. कोरडा, खण्णकन वाजणारा. पहाटे उठवायचा, पळाली की यायचा, आणि हसली की हमखास यायचा. त्यामुळे घरात एक विचित्र वळण पडून गेलं होतं. कुणी गमतीचं बोलायला तोंड उघडलं की दुसरं कुणीतरी डोळ्यांनी दटावायचं. पेंटर म्हणजे मुळात नकला करणारा माणूस. तो जेवताना भिंतीकडे बघून जेवायला लागला.

कारणं सांगणाऱ्यांची मात्र टंचाई नव्हती. शाळेतल्या बाई म्हणाल्या, सवय आहे, लक्ष देऊ नका, आणि भिंगरीला शेवटच्या बाकावर हलवून स्वतः लक्ष द्यायच्या थांबल्या. शेजारीण म्हणाली, जंत. तिच्या नवऱ्याचं म्हणणं पडलं, थंड पाणी. औषधाच्या दुकानदारानं दोन महिन्यांत चार रंगांची सिरपं दिली आणि चौथ्याच्या वेळी म्हणाला, आता डॉक्टरला दाखवा. पण सगळ्यांत नेमकं बोट ठेवलं ते सासूबाईंनी. त्या मुलीकडे राहायला आल्या होत्या आणि जावयाशी अदबीनं बोलत. अदबीनं बोललेलं जास्त लागतं हे त्यांना ठाऊक होतं.

"जावईबापू, तुमचा रंग गाड्यांना शोभतो हो," त्या म्हणाल्या. "लेकराच्या छातीला नाही शोभत."

पेंटरनं त्या आठवड्यापासून अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. खोकला एका उबळीनंही कमी झाला नाही. यावरून त्यानं निष्कर्ष काढायचा तो काढला नाही. उलट आपला वास आता घराच्या भिंतींतच मुरला असावा, असं तो धरून चालला.

मुलांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती आणि सावकाश विचारणारी होती. तिनं छातीचा फोटो काढला, क्षयाची तपासणी केली, भिंगरीला एका यंत्रात जोरात फुंकायला लावलं. फोटो स्वच्छ, तपासणी स्वच्छ. वजन ठीक, ताप नाही, कफ पडत नाही. "पळताना, हसताना आणि पहाटे येतो ना? मग हा दम्याच्या जातीचा खोकला दिसतोय," ती म्हणाली. "धाप नाही लागत, नुसता खोकलाच. पंप देते. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन दाब, या नळीतून. सहा-आठ आठवडे नेमानं द्या."

आठ आठवडे नेमानं दिला. खोकला होता तिथेच. मग डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. एवढं औषध लागू पडत नाही म्हणजे आपला अंदाज चुकला असेल, श्वासनळीत एखादं बी, एखादा मणी अडकून बसला असेल. दुर्बीण घालून एकदा बघितलेलं बरं.

तर शुक्रवारसाठी बुधवारी कागद करायला तिघं दवाखान्यात गेली. भिंगरीची आई लॉन्ड्रीत इस्त्रीला होती, तिनं अर्धी सुट्टी काढली होती. सही करायच्या कागदावर भूल, धोका आणि पालक हे शब्द एकाच ओळीत होते. पेंटरनं सही केली. पेननं काढलेलं अक्षर मात्र खरंच वाईट होतं.

"आता सिस्टरांकडे जाऊन या," कारकून म्हणाला. "दोन नंबरची खोली. पंपवाली सगळी मुलं तिकडून जातात."

दोन नंबरच्या खोलीतल्या सिस्टरना दवाखान्यात सगळे मागून दाखवाबाई म्हणत. बाईंना कुणाच्या सांगण्यावर विश्वास नव्हता. तीस वर्षांत त्यांनी आईबापांच्या तोंडून 'अगदी बरोबर देतो' हे इतक्यांदा ऐकलं होतं, की त्या वाक्याला त्या ढेकराइतकीच किंमत देत. त्यांच्या खोलीत खिडकीला एक दोरी बांधली होती आणि तिच्यावर धुतलेल्या प्लास्टिकच्या नळ्या चिमट्यांनी वाळत घातल्या होत्या. भिंगरी त्या नळ्या मोजायला लागली आणि सातव्या नळीला खोकली.

बाईंनी मान तिरकी करून तो खोकला ऐकला. "औषध देता रोज?"

"एक वेळ चुकली नाही," पेंटर म्हणाला. "ही सकाळी सहाला कामाला जाते, म्हणून दोन्ही वेळा मीच देतो."

"दाखवा."

"काय?"

"देता कसं ते. हा सरावाचा पंप घ्या. यात औषध नाही, नुसता फवारा."

पेंटरनं पंप घेतला. आधी तो मनगटातून असा हलवला, की बाईंच्या टेबलावरचे कागद थरथरले. दहा वेळा वर, दहा वेळा खाली. मग हवेत एक दाब मारून पंपाच्या तोंडातून फवारा सरळ येतो का हे उजेडाकडे धरून बघितलं.

"वा!" बाई म्हणाल्या. "इतकं नीट हलवताना मी कुणाला बघितलं नाही. नाहीतर लोक हलवतच नाहीत."

"खाली बसलेला असतो ना माल," पेंटर म्हणाला. त्याला जरा बरं वाटलं होतं.

"पुढे?"

पुढे भिंगरी आपण होऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली, टाचा जुळवल्या, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. पेंटरनं अंगठा आणि करंगळी ताणून तिच्या ओठांपासून एक वीत मोजली. वितीच्या टोकाला पंप आणला, आणि डाव्या गालापासून उजव्या गालापर्यंत एक सरळ, न अडखळणारा हात फिरवत दाब मारला. फुस्स. मग उजवीकडून डावीकडे, किंचित खालून. फुस्स.

"दुसरा हात पहिल्यावर अर्धा चढवायचा," त्यानं समजावलं. "म्हणजे मधे पट्टा सुटत नाही."

बाई त्याच्या हाताकडे बघत होत्या. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि ते नीट सरळ करत बसल्या.

"आणि हात एका जागी का नाही धरत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"एका जागी धरला की ओघळ येतो."

"कुठे?"

पेंटरनं तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, पण ते बाहेर यायच्या आधी त्यालाच ऐकू आलं. उत्तर भिंगरीनं दिलं. "चेहऱ्यावर," ती डोळे न उघडता म्हणाली. "बाबा म्हणतो हलू नकोस, ओघळ येईल."

"तुम्ही काम काय करता?" बाईंनी विचारलं.

"गाड्या रंगवतो."

"तरीच. आणि नळी दिली होती ती?"

भिंगरीच्या आईनं पर्समधून मऊ फडक्यात गुंडाळलेली नळी काढली. ती इतकी चकचकीत होती, की खिडकी तिच्यात वाकडी होऊन दिसत होती.

"दोन दिवस वापरली हो नळी," पेंटर घाईनं म्हणाला. "पण ती औषध खाते, सिस्टर. आतून सगळीकडे पांढरं पांढरं बसतं. अर्ध्याच्या वर माल भिंतीला. पोरीच्या पोटात काय जाणार? म्हटलं, हातानं मारलेलं बरं. आपला हात बसलेला आहे."

"मी तर रोज पुसून काढत होते," आई म्हणाली. "कोरड्या फडक्यानं. ते पांढरं राहायला नको म्हणून. नंतर वापरत नव्हतो तरी पुसून कपाटात ठेवायचे. डॉक्टरांची वस्तू."

दाखवाबाईंनी नळी घेतली, त्याच फडक्यानं दोन वेळा खसाखसा चोळली आणि टेबलावरच्या कापसाच्या पुंजक्याजवळ नेली. कापसाचे तंतू उभे राहिले आणि टपकन नळीला जाऊन चिकटले. बाईंनी नळी तशीच पेंटरच्या नाकासमोर धरली.

पेंटर त्या तंतूंकडे बघत राहिला. मग खुर्चीत बसला.

"बंपर," तो म्हणाला.

"काय?"

"गाडीचा बंपर प्लास्टिकचा असतो. रंग मारायच्या आधी त्याला कोरडं फडकं लावायचं नाही. लावलं की तो सगळी धूळ ओढून घेतो. मी... शिव्या घालतो हो लोकांना यावरून. एकवीस वर्षं घालतोय."

"मग आता स्वतःला घालू नका. वेळ जाईल," बाई म्हणाल्या. "साबणाच्या पाण्यात बुडवायची, हलवायची, दोरीवर टांगायची. पुसायची नाही. आठवड्यातून एकदा. ये गं इकडे."

त्यांनी दोरीवरची एक नळी उतरवली, तिच्या मागच्या टोकाला औषधाचा पंप बसवला, पुढचं टोक भिंगरीच्या दातांमध्ये दिलं. ओठ घट्ट मिटायला सांगितले. एक दाब. "आता सावकाश श्वास घे. सोड. घे. नळीतली पाकळी टिक टिक वाजतेय ना? पाच वेळा वाजव. घाई नाही." मग पंप पुन्हा हलवून दुसरा दाब, पुन्हा पाच श्वास, आणि शेवटी चूळ. "नळी औषध खात नाही," बाई पेंटरला म्हणाल्या. "ती ते थांबवून धरते. फवारा सुसाट निघतो आणि पोरीचा श्वास एवढासा. दोघांची गाठ कुठेतरी पडायला पाहिजे."

भिंगरीनं चूळ टाकली आणि डोळे मोठे केले.

"बाबा, हे तर आत जातं!"

डॉक्टरीणबाईंना बोलावण्यात आलं. दाखवाबाईंनी पेंटरला पुन्हा एकदा तो डावा-उजवा हात करून दाखवायला लावला. त्यानं तो केला, पण आता मान खाली घालून. डॉक्टरीणबाई हसतील असं त्याला वाटलं होतं. त्या स्टुलावर बसल्या आणि फाइल उघडून त्यांनी शुक्रवारच्या कागदावर एक तिरकी रेघ मारली.

"औषध लागू पडत नाही असं मी धरून बसले होते," त्या म्हणाल्या. "औषध अजून सुरूच झालेलं नाही. देता का, एवढंच मी विचारलं. दाखवा म्हणाले नाही. ती चूक माझी."

"म्हणजे दुर्बीण नाही?" आईनं विचारलं.

"आत्ता नाही. नळीतून चार आठवडे द्या. मग बघू. लागलीच तर तेव्हाही घालता येईल."

आई उठली, पुन्हा बसली, आणि त्या चकचकीत नळीचं फडकं घडी करायला लागली. पेंटर मात्र उठेना.

"एक विचारू? खरं सांगा. हे माझ्या रंगामुळे झालं का? मी शनिवारपासून काम सोडतोय. तसं सांगून आलोय."

डॉक्टरीणबाईंनी लगेच उत्तर दिलं नाही, आणि याच गोष्टीमुळे त्यानं पुढचं सगळं ऐकलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या घरात कुणी कधी ब्रशसुद्धा धरला नाही, अशी मुलंही हाच खोकला घेऊन बाहेर बाकावर बसलीत. पण तुमच्या कपड्यांवर येतं त्यानं तिचा खोकला चाळवू शकतो. तेव्हा कामाचे कपडे कामावर ठेवायचे. तिथेच साबणानं आंघोळ, डोकंसुद्धा. मग घरी. आणि मास्क चांगला वापरा, तुमच्या स्वतःच्या छातीसाठी. काम सोडायला मी सांगणार नाही. आधी औषध तर पोटात... म्हणजे छातीत जाऊ द्या."

दवाखान्याच्या जिन्यावर भिंगरीची आई मधल्या पायरीवर थांबली. तिचे खांदे हलायला लागले. पेंटरला वाटलं रडतेय, म्हणून तो दोन पायऱ्या वर आला.

"अहो," ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "आठ आठवडे आपण हिच्या गालांचा दमा बरा करत होतो."

दुपारी पेंटर गॅरेजमध्ये गेला. 'पेंटर पाहिजे'ची पाटी बाहेर नव्हती. ती शेठच्या टेबलामागे भिंतीला टेकवून ठेवली होती.

"लावली नाही?"

"लावणार होतो," शेठ म्हणाला. "पण काल एक जण आला. मी म्हटलं, असं काम येतं का? त्यानं पाटी बघितली, बोटानं चाचपली आणि नमस्कार करून निघून गेला. असल्या पाटीवर पेंटर कुठून मिळणार? तू असा का आलास, रडका चेहरा करून? पोर बरी आहे ना?"

पेंटरनं सगळं सांगितलं. शेठनं ते मिटल्या तोंडानं ऐकलं आणि मग त्याच्या पोटातून हसू निघालं ते आवरेना. "वीतभर? खरंच वीत मोजलीस?" दोनदा विचारून झाल्यावर त्यानं डोळे पुसले. "मागच्या नळाला आडोसा करून देतो. बादली तुझी तू आण."

वजनकाट्याच्या मेव्हण्याला निरोप गेला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरच्या चपलेशेजारी कागदात गुंडाळलेली साबणाची नवी वडी ठेवलेली होती. "गॅरेजात ठेवा," त्या आतून म्हणाल्या. "घरातली घेऊन जाऊ नका." माफी मागायची त्यांची हीच रीत, आणि पेंटरला ती पुरली.

आजार येतो तेव्हा सगळ्यांना कळतं. जातो तेव्हा तसा ढोल वाजत नाही. पहिले दहा दिवस कुणाला काही फरक वाटला नाही, आणि ती जागा पुन्हा मागावी लागली तर म्हणून पेंटरनं मनातल्या मनात दोनदा मेव्हण्याची माफी मागून ठेवली. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी सासूबाई भाजी निवडता निवडता थांबल्या.

"हे घड्याळ नवीन आणलं का गं? केवढं वाजतंय."

घड्याळ लग्नातलं होतं. भिंगरीच्या आईनं गॅस बारीक केला. नुकत्याच कामावरून आलेल्या पेंटरनं हातातला चहा खाली ठेवला. तिघंही ऐकत राहिली. दारासमोर भिंगरी आणि शेजारची पोरं लंगडीचा खेळ मांडून होती. कुणी पडलं, कुणी ओरडलं, मग सगळी एकदम हसली. भिंगरीचं हसणं त्यात वेगळं ओळखू येत होतं. ते चढत गेलं, आणि घरातल्या तिघांनी पुढच्या खोकल्यासाठी श्वास धरून ठेवला. हसणं संपलं. मग दुसरं हसणं सुरू झालं.

"सोडा आता श्वास," पेंटर म्हणाला. "नाहीतर तुम्हालाच नळी लावावी लागेल."

सासूबाई आधी हसल्या.

चार आठवड्यांनी भिंगरीनं यंत्रात फुंकलं तर काटा मागच्यापेक्षा बराच वर गेला. डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, आणखी तीन महिने औषध चालू ठेवायला सांगितलं, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं थांबवायचं नाही हे दोघांकडून वदवून घेतलं. दाखवाबाईंनी अर्थातच पुन्हा दाखवायला लावलं. त्या वेळी खोलीत दुसरी एक आई होती. आपल्या मुलाची नळी ती ओढणीनं पुसत होती. पेंटरला राहवलं नाही.

"ताई, पुसू नका," तो म्हणाला. "मी सांगतो का ते." आणि त्यानं बंपरपासून सुरुवात केली. बाईंनी मधे एकदाही तोंड घातलं नाही.

त्याच संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा केस ओले होते, अंगात स्वच्छ सदरा होता. भिंगरी उंबऱ्यावरच त्याच्या गळ्यात पडली आणि तिनं नाक त्याच्या मानेत घातलं. मग बाजूला होऊन त्याच्याकडे बघितलं.

"बाबा, तुझा वास कुठे गेला?"

"धुतला."

"सगळा?"

"सगळा."

तिचा विश्वास बसला नाही. तिनं कानामागे हुंगलं, कोपर हुंगलं, केसांत नाक खुपसलं. साबण, साबण, साबण. शेवटी तिनं त्याचा उजवा हात उलटा करून एकेक बोट तपासलं. अंगठ्याच्या नखाच्या कडेला निळ्या रंगाची केसाएवढी रेघ राहिली होती. तिनं तिथे नाक टेकवलं आणि डोळे मिटले.

"हं," ती म्हणाली. "तूच आहेस."

आणि पायऱ्या उतरून पळत सुटली.

पेंटर थोडा वेळ तो अंगठा तसाच धरून उंबऱ्यावर उभा राहिला. मग आत मोरीत गेला, कोनाड्यातला ब्रश घेतला आणि नख घासून काढलं.